कुंडीसाठी यूव्ही मास्टरबॅच: शोषक, हाल्स की सरळ काळा?

बडोद्याच्या गच्चीवर दोन उन्हाळे काढलेली पॉलिप्रॉपिलीनची साधी कुंडी आधी खडूसारखी पांढुरकी पडते, मग उचलताना कडेची कपची हातात येते. मकरपुऱ्यात छोटं मोल्डिंग टाकताय, तर मास्टरबॅच, म्हणजे कच्च्या प्लास्टिकात मिसळायचे औषध भरलेले दाणे, घेण्याआधी हे वाचा.

काळी कुंडी खपणार असेल तर कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी काळी पूड, घ्या आणि विषय संपवा. पाण्याच्या काळ्या एचडीपीई पाइपांत तो अडीच टक्क्यांच्या आसपास असतो आणि पाइप वर्षानुवर्षं उन्हात पडून राहतात. पण मे महिन्यात काळी कुंडी मुळं शिजवते, आणि गिऱ्हाईक मागतं टेराकोटा.

मग उरले दोन. बेंझोफेनोन, बेंझोट्रायाझोल हे शोषक अतिनील किरण स्वतः गिळतात आणि उष्णता म्हणून सोडून देतात. गोम अशी की किरण गिळायला जाडी लागते. कुंडीच्या आतला भाग त्यांनी वाचतो, पण तडा सुरू होतो पृष्ठभागावर, आणि तिथे आडोसा जवळपास नसतोच. शोषकांची खरी जागा म्हणजे पॉलिकार्बोनेटचे पारदर्शक पत्रे. त्यांतही बहुतेकदा एकाच बाजूला शोषकाचा थर असतो, ती बाजू उन्हाकडे हवी. आमच्या दांडिया बाजारातल्या मिस्त्रीने ते उलटे ठोकले. पिवळे पडल्यावर शिव्या मात्र पत्र्याला बसल्या.

हाल्स (हिंडर्ड अमाइन लाइट स्टॅबिलायझर) ऊन अडवतच नाही. उन्हाने प्लास्टिकच्या रेणूंची साखळी तुटून जे मुक्त मूलक, म्हणजे पुढची मोडतोड करणारे चळवळे तुकडे, सुटतात, त्यांना तो पकडतो आणि पुन्हा कामाला तयार होतो. म्हणून थोडका पुरतो, आणि पृष्ठभागावरही चालतो. रंगीत कुंडीला मी हाच घेईन. टेराकोटातला आयर्न ऑक्साइडही थोडं ऊन अडवतो, ती फुकटची मदत. मात्र बाजारातला जुन्या प्लास्टिकचा दळलेला दाणा उन्हाने आधीच खाल्लेला असतो. हाल्स टाकून तो तरुण होत नाही.

दुकानात दोन्हींना ‘यूव्ही’च म्हणतात, म्हणून आत काय आणि किती टक्के, ते लिहून घ्या. दहा टक्क्यांचा मास्टरबॅच शंभर किलोला दोन किलो टाकला, तर खरं औषध पडलं फक्त 200 ग्रॅम. माल परदेशी जाणार असेल तर यूव्ही-328 नाही ना, तेही विचारा. हा बेंझोट्रायाझोल 2023 मध्ये स्टॉकहोम कराराच्या (निसर्गात टिकून राहणाऱ्या विषारी रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) बंदी यादीत गेला.

हाल्सचं एकच दुखणं: आम्लापुढे तो लुळा पडतो. गंधकातून आम्ल बनतं, म्हणून गुलाबावर गंधक मारणारे लोक तुमचं गिऱ्हाईक असतील, तर कमी अल्कधर्मी प्रकारचा हाल्स मागा.