वेल्डिंगचा वायरलेस रिमोट घेताय? शॉप चालू असताना डेमो मागा

हिंगणा, बुटीबोरी, कामठी रोड, नागपुरात कुठेही फॅब्रिकेशनचं काम करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. वेल्डिंग मशीनचा करंट दुरून कमी-जास्त करणारे वायरलेस रिमोट घेऊन सध्या विक्रेते शॉपवर येतात. त्यातल्या एकाने माझ्या गळ्यात आठ सेट मारले, पैसे घेतले आणि शेवटी फोन बंद केला. तो आजही कुठल्यातरी शेडमध्ये बॅग उघडून बसला असेल, म्हणून सगळं तपशिलात सांगतो.

वस्तू गरजेची आहे, हे आधी सांगायला हवं. कोराडी, खापरखेडा, मौदा अशी वीजकेंद्रं जवळ असल्यामुळे शटडाऊनची कामं आम्हाला मिळत राहतात. मशीन जमिनीवर आणि वेल्डर वर परांचीवर. रूट पास, म्हणजे जोडाच्या तळाचा पहिला थर, झाला की करंट वाढवायचा, म्हणून तो वरून ओरडतो, खालचा हेल्पर नॉब फिरवतो. ग्राइंडरच्या आवाजात ‘नव्वद’चं ‘एकशे दहा’ व्हायला वेळ लागत नाही. वायरचा रिमोट लावला तर त्याची केबल स्पॅटरने, म्हणजे वितळलेल्या धातूच्या उडणाऱ्या थेंबांनी, जळते, नाहीतर कोणाच्या तरी पायात येते. चांगला वायरलेस सेट असेल तर हा सगळा ताप वाचतो. याच गरजेवर ही माणसं धंदा करतात.

त्याने डेमोची वेळ जेवणाच्या सुट्टीची मागितली. “आवाज कमी असतो, साहेब, पोरांना नीट समजावता येईल.” खरं कारण वेगळं होतं. सुट्टीत एकही आर्क, म्हणजे वेल्डिंगची विजेची ठिणगी, चालू नसतो. टिग नावाच्या वेल्डिंगचं मशीन आर्क पेटवायला जी हाय फ्रिक्वेन्सी सोडतं, ती आजूबाजूच्या रेडिओवर केवढा कचरा टाकते हे या धंद्यातल्या माणसाला माहीत असतंच. शांत, मोकळ्या यार्डात गेटपासून बटण दाबलं, मशीनवरचा आकडा बदलला, सगळे खूश. त्याच्या हातातला नग दणकट होता, झाकणाला रबराची पट्टी, वजनही होतं. निम्मी रक्कम आगाऊ, निम्मी माल आल्यावर, असं ठरलं. माल सीलबंद खोक्यांत आला. बाहेरून रंग, आकार, स्टिकर अगदी डेमोच्या नगासारखे.

साइटवर पहिल्याच पाळीत रूटला भोक पडलं. वेल्डर जुना, हात पक्का. तो म्हणाला, “भाऊ, मी बटणाले हातबी नाही लावला, करंट आपोआप वाढून राहिला.” खालच्या माणसाने त्याच वेळी स्वतःच्या मशीनचा करंट वाढवला होता, म्हणजे एकाच्या बटणावर दोघांची मशीनं चालत होती. तो जॉइंट कापून पुन्हा करावा लागला. शेजारी टिग सुरू झालं की उलटा प्रकार. बटण दाबत राहा, मशीन ढिम्म. आणि बॉयलरच्या ड्रममध्ये शिरलं की सिग्नलच संपला, कारण चारी बाजूंनी जाड पोलाद आणि आत जायला एक मॅनहोल.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, “तुमच्या साइटचं अर्थिंग खराब आहे.” तपासलं, अर्थिंग ठीक होतं. मग एक सेट टेबलावर घेऊन चार स्क्रू काढले.

स्टिकरवर आयपी ६७ छापलेलं. त्यातला ६ म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही आणि ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी काही होणार नाही. आत रबराची पट्टीच नव्हती, ग्राइंडिंगची काळी पूड मात्र कोपऱ्यात साचलेली. सेल म्हणजे गेटच्या रिमोटमध्ये असतो तो १२ व्होल्टचा बोटभर सेल. बोर्डवर पीटी २२६२ लिहिलेली चिप, म्हणजे शटरच्या स्वस्त रिमोटमधलीच. त्या चिपच्या शेजारी कोड ठरवायच्या आठ जागा असतात. प्रत्येक जागा प्लसला जोडायची, मायनसला जोडायची किंवा मोकळी सोडायची, म्हणजे ६,५६१ वेगवेगळे कोड करता येतात. इथे आठही जागा कोऱ्या. दुसरा सेट उघडला, तोही कोरा, तिसराही तसाच. सगळ्या रिमोटचा कोड एकच! नुसता सोल्डरचा ठिपका लावायचे कष्टही कोणी घेतले नव्हते, आणि हे माणसाच्या हातातल्या आर्कवर चालणार होतं. मला पैशांपेक्षा याचा संताप जास्त आला. मशीनमध्ये बसवायच्या रिसीव्हरचीही तीच कथा. सगळ्यात स्वस्त जातीचा, तारेचं वेटोळं गरम गोंदाने चिकटवलेलं. हा ४३३ मेगाहर्ट्झच्या आजूबाजूचं बरंच काही ऐकतो, त्यामुळे टिगच्या कचऱ्यात खरा संदेश बुडून जातो.

४३३ मेगाहर्ट्झ वाईट म्हणून नाही, त्यावर क्रेनचे चांगले रिमोटही चालतात. पण चांगल्या सेटमध्ये प्रत्येक रिमोटची जोडी आपल्याच मशीनशी बांधलेली असते, संदेश बिघडून आला तर रिसीव्हर तो टाकून देतो, आणि सिग्नल तुटला तर मशीनने काय करायचं हे आधी ठरवलेलं असतं. विक्रेत्याला हा शेवटचा प्रश्न जरूर विचारा आणि वेल्डिंग चालू असताना रिमोटचा सेल काढून बघा. शेजारी टिग पेटवा, दोन सेट एकदम चालवा, टाकीच्या आत जाऊन बटण दाबा. डेमोचा नग आणि आलेल्या खोक्यातला नग, दोन्ही उघडून शेजारी ठेवा. जो उघडू देत नाही त्याला गेटवरूनच परत पाठवा.

कागदांचंही सांगतो. परवाना न लागणाऱ्या बँडमधल्या वायरलेस वस्तूलाही दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विंगची ईटीए मान्यता लागते. तिची प्रत मागा आणि त्यावरचा मॉडेल नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळवा. माझ्या स्टिकरवरचा नंबर भलत्याच वस्तूचा निघाला. बिलावर नुसतं ‘वायरलेस कंट्रोल ॲक्सेसरीज’. रेंज नाही, आयपी नाही, मॉडेलही नाही. तोंडी सांगितलेलं एक अक्षर कागदावर आलं नव्हतं. जीएसटीचं क्रेडिट पोर्टलवरच्या २बी विवरणात, म्हणजे विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांच्या तक्त्यात, दिसेना, म्हणून पोर्टलवर त्याचा नंबर टाकला, तर नोंदणी आधीच रद्द झालेली. हे पैसे देण्याआधी कोणालाही फुकटात बघता येतं, लॉगिनही लागत नाही.

ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकिलांनी सांगितलं की व्यापारी कामासाठी घेतलेली वस्तू २०१९च्या कायद्यात सहसा बसत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी एकट्याने चालवलेलं छोटं शॉप असेल तर बसू शकते. माझ्याकडे पगारी माणसं आहेत. त्यामुळे पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे जुन्या ४२० च्या जागी आलेल्या कलमाखाली, तक्रार दिली आहे. बँकेच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरचे संदेश आणि न उघडलेले सेट पुरावा म्हणून जपून ठेवलेत.

उघडलेले सेट शॉपमध्ये टेबलावरच आहेत. हिंगणा एमआयडीसीत कोणी असे रिमोट घ्यायच्या विचारात असेल तर आपला नग सोबत आणा, दोन्ही शेजारी ठेवून बघू.