टेलिफोनच्या तारेवरचे ब्रॉडबँड: सात वर्षांच्या वापरानंतर

आमच्याकडे गेली सात वर्षे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणारी एडीएसएल सेवा आहे. जोडणी घेताना ‘आठ एमबीपीएसपर्यंत’ असा प्लॅन निवडला होता. त्यातल्या ‘पर्यंत’चा अर्थ कळायला पहिला पावसाळा यावा लागला.

फोनवरचे बोलणे तारेतली साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढीच पट्टी वापरते आणि त्यावरची सारी जागा मोकळी असते. एडीएसएल सुमारे 25 किलोहर्ट्झपासून पुढे ती जागा घेते. 138 किलोहर्ट्झपर्यंतचा लहान भाग अपलोडला आणि तेथून 1.1 मेगाहर्ट्झपर्यंतचा मोठा भाग डाउनलोडला मिळतो, त्यामुळे फोटो उतरवून घ्यायला क्षणभर आणि पाठवायला अर्धा तास, ही तक्रार मूळ रचनेतच आहे. ही पट्टी सुमारे 4.3 किलोहर्ट्झच्या कप्प्यांत विभागलेली असून मोडेम प्रत्येक कप्पा तपासून जेथे खरखर कमी तेथे अधिक माहिती भरतो. तार जितकी लांब, तितके वरचे कप्पे आधी निकामी होतात.

टेलिफोन एक्स्चेंज आमच्या घरापासून सरळ रेषेत दोन किलोमीटरही नाही, पण तार पिलर (रस्त्याकडेची जोडपेटी) आणि डीपीवरून (घरांजवळची टेलिफोनच्या तारांची वाटपपेटी) वळसे घेत येते. मोडेमच्या पानावर अ‍ॅटेन्युएशन (तारेत संकेत किती क्षीण होतो त्याचे माप) 44 डेसिबल आणि वेग सहा एमबीपीएसच्या आसपास दिसतो. प्रत्यक्ष हाती पाचच्या थोडे वर येते. एवढ्या तारेला हे वाईट नाही.

बसवणुकीला मात्र मी कमी गुण देईन. आलेल्या माणसाने दिवाणखान्यातल्या फोनला स्प्लिटर (बोलणे आणि इंटरनेट वेगळे करणारी डबी) लावला, पण आतल्या खोलीत पॅरलल जोडलेला फोन तसाच सोडला. त्यामुळे घंटी वाजली की इंटरनेट तुटे, आणि तक्रार केंद्र दर वेळी मोडेम बंद करून चालू करायला सांगे. शेवटी शंभर रुपयांच्या आतला फिल्टर मीच आणून आतल्या फोनला लावला आणि दोन महिन्यांचा त्रास पाच मिनिटांत संपला.

त्याहून विचित्र अनुभव एका जुलैतला. फोन पूर्ण मुका झाला होता, रिसीव्हरमध्ये टोनसुद्धा नव्हता, तरी इंटरनेट रडतखडत चालू होते. तक्रार नोंदवणाऱ्याला हे खोटे वाटले. लाइनमनने डीपी उघडली तेव्हा जोडीतली एक तार गंजून तुटलेली निघाली: बोलण्याच्या फोनला अखंड वर्तुळ लागते, पण उच्च वारंवारतेचे संकेत अशी बारीक फट ओलांडून थोडेफार पुढे जातात. त्याने जुना जोड कापला, नवा करून त्यावर जेली भरलेले कनेक्टर दाबले आणि वेग पूर्ववत झाला. हा गृहस्थ त्या कंपनीचा सर्वांत उपयोगी भाग आहे, असे माझे मत झाले आहे.

कोरड्या दिवसांत पाचपैकी साडेतीन, पावसाळ्यात दोन. घरापर्यंत फायबर येत असेल तर ही जोडणी घेण्याचे कारण नाही. नसेल, तर अर्जाआधी लाइनमनला एक्स्चेंजपासूनच्या तारेची लांबी विचारा. ती चार किलोमीटरच्या पुढे असेल तर सर्वांत स्वस्त प्लॅन घ्या, कारण वरच्या प्लॅनचा वेग तुमच्या घरापर्यंत पोहोचणारच नाही.