वरून विजेट की मुळापासून दुरुस्ती?

नाशिकच्या शहर बसची वेबसाइट सुगम्य, म्हणजे अपंगांनाही वापरता येईल अशी करायची तर दोन वाटा दिसतात. कोपऱ्यात तयार विजेट, म्हणजे साइटवर वरून जोडायचं छोटं साधन, बसवायचं: अक्षर मोठं, रंग गडद, काम दिवसाभरात संपतं. किंवा पानंच नव्यानं लिहायची. त्याला महिने लागतात.

माझी मावशी दृष्टिहीन आहे. मध्यंतरी एका प्रवासी सेवेच्या साइटवर तिचं बोट वेळापत्रकावर आलं आणि टॉकबॅक, म्हणजे फोनच्या पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, म्हणाला, "प्रतिमा". पुढे काहीच नाही. विजेटनं ते चित्र मोठं होईल, बोलकं होणार नाही. तेच वेळापत्रक रकान्यांना शीर्षकं दिलेल्या साध्या तक्त्यात असतं, तर तिला थांबा आणि वेळ ऐकू आली असती.

प्रवास नियोजनाचंही तसंच. थांबे आणि वेळा जीटीएफएस या सार्वजनिक वाहतुकीच्या माहितीसाठी ठरलेल्या साच्यात नीट भरल्या, की निमाणीहून नाशिकरोडला कसं जायचं हे नकाशा न बघताही पायरीपायरीनं सांगता येतं. थांब्यावर व्हीलचेअरसह बसमध्ये चढता येतं का, याचाही रकाना त्यात आहे.

विजेट स्वस्त पडतं, हे खरं. तरी माझा कौल दुरुस्तीलाच. पैसे कमी असतील तर आधी वेळापत्रक आणि मार्गशोध ही दोनच पानं घ्या, पण 2027च्या सिंहस्थाआधी घ्या.