नवी पिकअप तेल खाते तेव्हा: संत्रा-कापसाच्या हंगामांनंतरचा अनुभव

गाडी बीएस-६ फेज-२ ची (धुराच्या प्रदूषणाचे सध्याचे नियम पाळणारी), टर्बो डिझेल (धुराच्या झोतावर फिरणारा पंखा इंजिनात जास्त हवा दाबतो), दीड टनाच्या वर्गातली. काम नेहमीचंच: अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शी पट्ट्यातून संत्र्याचे क्रेट, दिवाळीनंतर जिनिंगला कापूस, मधल्या काळात खत, ढेप आणि सोयाबीनची पोती. निम्मा रस्ता डांबरी, बाकी मुरमाचा नाहीतर पांदणीचा. ओढ चांगली आहे, भरल्या गाडीत ॲव्हरेजही पटण्यासारखं. लिहायचं आहे ते इंजिन ऑइलबद्दल. पहिल्या सर्व्हिसनंतर ही गाडी हजार किलोमीटरला सहाशे मिलीच्या आसपास तेल खायची, आता दीडशेवर स्थिरावली आहे. हेड खोललं नाही, रिंग-पिस्टनला हात लावला नाही.

सुरुवात मोजण्यापासून करावी लागते. “गाडी तेल पिते” एवढ्या तोंडी तक्रारीची सर्व्हिस सेंटरमध्ये कोणी नोंदही घेत नाही. मोजायला एकच सपाट जागा ठरवा. पंपावरचं काँक्रीट चालेल, शेणाने सारवलेलं अंगण नाही. इंजिन गरम हवं, बंद करून दहा मिनिटं झालेली हवीत. डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) पुसून पुन्हा घालायची आणि मग वाचायची. दोन खुणांमध्ये किती तेल मावतं ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, बऱ्याच गाड्यांत एक ते दीड लिटर. भर घालताना मिलीच्या खुणा असलेलं भांडं वापरा. वहीत चार रकाने पुरे: किलोमीटर, घातलेलं तेल, भरलेलं डिझेल, आणि गाडी भरलेली होती की रिकामी.

तुलना कशाशी करायची? धडधाकट डिझेल इंजिन जाळलेल्या डिझेलच्या साधारण ०.१ ते ०.३ टक्के इतकं तेल खातं. बाराचं ॲव्हरेज धरलं तर हजार किलोमीटरला ८३ लिटर डिझेल, म्हणजे ८० ते २५० मिली तेल. पण काही कंपन्या हजारी अर्धा ते एक लिटरपर्यंतचा वापर चालण्यासारखा मानतात, त्यामुळे सहाशे मिलीला काउंटरवर “नॉर्मल आहे” हे उत्तर मिळतं. या हिशेबाने दहा हजारांवर सहा लिटर जळालं, म्हणजे या वर्गातल्या इंजिनाचं जवळजवळ अख्खं चेंबर (इंजिनाच्या तळाशी तेल साठतं ते भांडं). याला नॉर्मल म्हणणं आपल्याला तरी परवडत नाही.

बीएस-६ गाडीत डिपस्टिक फसवते, हे मिस्त्री मंडळींच्याही पटकन ध्यानात येत नाही. डीपीएफमधली, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीतली, काजळी जाळण्यासाठी (रीजनरेशन) इंजिन उशिराने जास्तीचं डिझेल फवारतं. त्यातलं थोडं बोअरच्या (पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीच्या) भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरतं. गाव ते बाजार एवढ्याच खेपा असतील आणि गाडी दर वेळी रीजनरेशनच्या मधेच बंद होत असेल, तर हे डिझेल साठत जातं. तीनशे मिली तेल जळालं आणि तेवढंच डिझेल मिसळलं, तर डिपस्टिकवर फरक शून्य. तेल मात्र पातळ झालेलं. डिपस्टिकचा वास घ्या, एक थेंब वर्तमानपत्राच्या कागदावर टाका. काळ्या डागाभोवती पातळ तेलकट कडं लांबवर पसरलं तर डिझेलचा संशय धरा. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर थोडं काढून भागत नाही, तेल बदलावंच लागतं. डीपीएफचा दिवा लागला की गाडी बंद न करता मोकळ्या रस्त्यावर ५०-६० च्या वेगाने पंधरा-वीस मिनिटं चालू द्या.

धुराचंही तसंच. तेल जळालं की निळा धूर, हे जुन्या गाड्यांचं गणित. नव्या गाडीत सायलेन्सरआधीचा कॅटॅलिस्ट आणि डीपीएफ तो धूर गिळून टाकतात. धूर नाही म्हणून तेल जळत नाही, असं समजू नका.

शोध स्वस्त गोष्टींपासून घ्यावा. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा. ड्रेन नटचा वॉशर दर वेळी नवा हवा. जुनाच बसवला की तिथून झिरपतं. टॅपेट कव्हर (इंजिनच्या माथ्यावरचं झाकण), ऑइल फिल्टरची बैठक आणि चेंबरचा जोड पुसून कोरडा करा, वर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि गाडी फिरवून आणा. गळती असेल तिथे ओली रेघ उमटते. या गाडीत गळती निघाली नाही.

निघालं ते दुसरंच. सर्व्हिसला तेल वरच्या खुणेच्या बरंच वर भरलेलं होतं. जादा तेल क्रँकच्या फिरण्याने घुसळतं, त्याचा फेस होतो आणि ब्रीदरवाटे (चेंबरमधली वाफ बाहेर काढणारी नळी) ते इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेत, जाऊन जळतं. पातळी वरच्या खुणेच्या किंचित खाली ठेवली तेव्हा पहिला फरक पडला. दुसरा फरक ब्रीदरच्या व्हॉल्व्हने पडला. त्यातला रबरी पडदा फाटला की इनटेकची ओढ चेंबरमधली तेलाची वाफ सरळ खेचत राहते. ओळखायचं असं: स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता) गाडी चालू असताना तेलाचं झाकण सैल करा. डिझेल इंजिनात थोडी फुंकर येणारच. पण झाकण आत ओढलं जात असेल किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल तर पडदा गेला असं धरा. उलट गरम वाफेचा जोरदार झोत बाहेर येत असेल तर ब्रीदर तुंबला आहे किंवा पिस्टनभोवतीच्या रिंगांकडे बघायला हवं. व्हॉल्व्ह बदलल्यावर आकडा साडेतीनशेच्या आत आला. बदल एकावेळी एकच केला, म्हणून कशाने किती फरक पडला ते कळलं.

आता धूळ. आपल्याकडे इंजिनचा खरा शत्रू हीच. एअर फिल्टरच्या डब्याची एक क्लिप नीट बसली नव्हती आणि फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे स्वच्छ हवेच्या पाइपात मुरमाची तांबूस भुकटी सापडली. पाइपात पांढरं फडकं फिरवून बघा. फडकं मळलं तर हवा कुठूनतरी चोरवाटेने जाते आहे. ही भुकटी रिंगा आणि बोअर पॉलिश पेपरसारखे घासते, आणि एकदा ते झिजले की कुठल्याही तेलाने भरून येत नाही. फिल्टर बंपरवर आपटू नका, बाहेरून कंप्रेसरची हवा मारू नका. मारायचीच तर आतून बाहेर, कमी दाबाने, लांबून. नंतर अंधारात आत बल्ब धरा. एखादा ठिपका चमकला तर फिल्टर फेकायचा. थ्रेशरच्या आणि कापसाच्या दिवसांत पुस्तकातल्या निम्म्या अंतरावर फिल्टर बदलणं हिशेबात बसतं. कापसाचे तंतू रेडिएटर आणि इंटरकूलरच्या (टर्बोकडून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या भागाच्या) जाळीतही अडकतात. मेच्या पंचेचाळीस अंशांत तशी जाळी घेऊन फिरलं तर तेल तापून पातळ होतं. जाळी आतून बाहेर साध्या पाण्याने धुवा. वॉशिंग सेंटरच्या झोताने पात्या वाकतात.

उरलेली घट सवयीने आली. जिनिंगच्या रांगेत तासन्‌तास गाडी चालू ठेवणं नव्या इंजिनाला बाधतं. भार नसला की सिलेंडरमधला दाब कमी, रिंगा भिंतीला नीट टेकत नाहीत, भिंत गुळगुळीत होते आणि रिंगांच्या खाचांत कार्बन बसतो. पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर गाडी बंद. पहिले दीड हजार किलोमीटर संपल्यावर तिला भार घेऊन दोन ते अडीच हजार आरपीएमवर चढावर ओढू द्यावं. रिंगा त्यातच बसतात.

इंटरकूलरच्या पाइपात तेलाचा पातळ थर असणं ठीक, पण डबकं साचलेलं दिसलं तर टर्बोचं सील किंवा त्याची ड्रेन लाइन तपासून घ्या. भरली गाडी घाट चढून आली की मिनिट-दोन मिनिटं स्लोवर ठेवून मगच बंद करा. टर्बो जास्तच तेल सोडू लागला तर इंजिन तेच तेल पिऊन आपोआप पळत सुटतं आणि चावी काढूनही थांबत नाही. अशा वेळी ब्रेक दाबून टॉप गिअर टाकायचा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं.

“२०-डब्ल्यू-५० चं जाड तेल टाका” हा सल्ला हमखास मिळतो. ऐकू नका. काजळी रीजनरेशनमध्ये जळते, तेलाची राख जळत नाही, ती डीपीएफमध्येच साठते. म्हणून पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं कमी राखेचं तेलच घ्यायचं, सीलबंद डब्यातलं, पक्क्या बिलावर.

एवढं करूनही पाचशेच्या खाली आकडा येत नसेल तर वॉरंटीत ऑइल कन्झम्प्शन टेस्ट मागा. सर्व्हिस सेंटरवाले ड्रेन नट, झाकण आणि डिपस्टिकला सील लावतात, ठरावीक किलोमीटर चालवून तेल पुन्हा मोजतात. त्यानंतर कॉम्प्रेशन आणि लीकडाउन टेस्ट (सिलेंडरमध्ये दाब किती बनतो आणि किती गळतो ते बघणाऱ्या), आणि मगच रिंगा किंवा व्हॉल्व्ह सीलचा निर्णय. तोंडी उत्तर घेऊ नका. तक्रार आणि दोन्ही वेळची मापं जॉब कार्डावर लिहून घ्या, आपल्या वहीच्या पानांचे फोटो जोडा. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचं तर तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, तिथेही हीच कागदं मागतील.