एमएमएचा ‘ब्लॅक बेल्ट’ बघून मी १,४७,८०० रुपये घालवले

आकडा आधी लिहितो. पोराच्या एमएमए क्लासपायी, म्हणजे ठोसे, लाथा आणि धरपकड एकत्र असलेल्या लढतींच्या क्लासपायी, गेलेले १,४७,८०० रुपये. प्रवेश ११,०००, सहा महिन्यांची फी २७,०००, किट ९,८००, दोन बेल्ट परीक्षांचे १३,०००, ‘राष्ट्रीय निवडी’चे २२,००० आणि थायलंडच्या शिबिराचा ॲडव्हान्स ६५,०००. शेवटचे पासष्ट हजार बायकोच्या पाटल्या सोसायटीत ठेवून उभे केले होते. पावत्या, फोटो, यूपीआयचे स्क्रीनशॉट सगळं माझ्याकडं आहे. क्लास चालवणारा माणूस तेवढा नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हॉलला कुलूप लागलं आणि फोन बंद झाला. पुढचं सांगायला नको, असल्या प्रकरणात सगळीकडं तेच होतं.

बेळगावात, येळ्ळुरात, कंग्राळीत, उचगावात, खानापूरकडं ज्यांची पोरं तालमीत जातात आणि रात्री मोबाईलवर पिंजऱ्यातल्या लढती बघतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. नाव उघड करायचं धाडस होत नाही, कारण पोराचं कॉलेज अजून चालू आहे.

मी अडाणी नाही. उद्यमबागेत बावीस वर्षं लेथवर काम करतोय. जॉब हातात घेतला की मायक्रोमीटर लावायच्या आधी माप चुकलंय का ते कळतं. तरुणपणी सात वर्षं लाल मातीत काढली आहेत, मैदानात जोड लागली आहे. म्हणून लोक जेव्हा म्हणतात की ‘तुम्हाला कसं कळलं नाही ओ’, तेव्हा अंगाची आग होते. कळलं होतं. तेच तर सांगायचंय.

पोरगा एकोणीस वर्षांचा, वजन ६५ किलो, पट काढण्यात, म्हणजे समोरच्याचे पाय धरून पाडण्यात, हात चांगला. त्याच्या डोक्यात हे खूळ कुणी भरवलं म्हणता? खऱ्या माणसांनीच. रितू फोगट कुस्ती सोडून २०१९ मध्ये एमएमएत उतरली. अंशुल जुबली २०२३ च्या फेब्रुवारीत ‘रोड टू यूएफसी’ची फायनल जिंकून यूएफसीत, म्हणजे एमएमएच्या सगळ्यात मोठ्या संस्थेत गेला. पूजा तोमर २०२४ च्या जूनमध्ये तिथं जिंकली. हे सगळं खरं आहे आणि खेळ खरा आहे म्हणूनच आम्ही फसलो. तो माणूस याच नावांच्या आड उभा होता. बॅनरवर एका बाजूला त्यांचे फोटो, मध्ये हा हात बांधून, आणि खाली: एमएमए ब्लॅक बेल्ट पाचवी डिग्री, १२ लढती, १२ विजय.

इथंच थांबा आणि हे लक्षात ठेवा. एमएमएत बेल्ट नसतो. कराटेत असतो, ज्युदोत असतो, ब्राझिलियन जिउ-जित्सूत असतो, आणि त्या जिउ-जित्सूत पांढऱ्यावरून निळा, जांभळा, तपकिरी करत काळ्यापर्यंत पोचायला साधारण दहा वर्षं घासावी लागतात. एमएमएत विजेत्याला कमरेला बांधायला जो पट्टा मिळतो तो लढत जिंकून मिळतो, परीक्षा देऊन नाही. कुणी ‘एमएमएचा बेल्ट’ विकत असेल तर तिथून उठा. मी दोनदा ६,५०० भरले.

आता तो दिवस. जुलैचा पहिला रविवार. बाहेर आपल्याकडचा पाऊस, हॉलवर पत्रे, शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. मी भिंतीला टेकून पोराची वाट बघत होतो. सर, म्हणजे तोच बॅनरवाला, लाथेचं टायमिंग दाखवत होते. माझ्या पोराला पुढं बोलावलं आणि म्हणाले, ‘ये, अटॅक कर.’ पोरानं थोडी खडाखडी केली, डावा हात समोर टाकला आणि सरळ दुहेरी पट काढला. सर पाठीवर. मॅटवर आपटल्याचा आवाज त्या पावसातूनही आला.

पुढचे पाच-सात सेकंद मला अजून झोपेत दिसतात. खाली पडलेल्या माणसाचे दोन्ही पाय सरळ पसरलेले. गुडघे आत घेतले नाहीत, पोराच्या कमरेला पाय घातले नाहीत, मनगट धरलं नाही. दोन्ही मुठींत पोराचा टीशर्ट पकडला आणि डोळे घट्ट मिटून घेतले. मग ‘ब्रेक, ब्रेक’ म्हणून ओरडले. उठून टीशर्ट नीट करत मुलांना म्हणाले, ‘एमएमएत असं धरून बसायचं नसतं. रेफ्री लगेच उठवतो.’

मी त्यांच्या कानांकडं बघितलं. तालमीत ज्याची वर्षं गेली त्याचा कान सांगतो. घासून घासून रक्त साठतं, गाठ धरते, कान मोडतो. माझा डावा कान आजही तसाच आहे. सगळ्यांचेच मोडतात असं नाही, मान्य. पण पंधरा वर्षं धरपकड केली म्हणणाऱ्या माणसाचे दोन्ही कान लहान मुलासारखे? भुवईवर एक टाका नाही, नडगीवर एक टेंगूळ नाही? मी ते बघितलं, आणि स्वतःला समजावलं की हा नवा खेळ आहे, आपल्याला त्यातलं काय कळतं.

गाडीवरून घरी येताना पोरगा मागून म्हणाला, ‘पप्पा, सरांस्नी खालनं काईच येईना ओ.’

मी त्याला गप्प केलं. गुरूबद्दल असं बोलायचं नाही म्हणालो. एकोणीस वर्षांच्या पोराला जे दिसलं ते त्यानं सांगितलं, आणि मी, त्याच्या बापानं, त्याला गप्प बसवलं. पैशापेक्षा हे जास्त लागतं. आमचे वस्ताद कराचीच्या १९७६ च्या लढतीची गोष्ट सांगायचे. जपानचा इनोकी आणि अक्रम पैलवान. इनोकीनं जमिनीवर हात पिळून असा धरला की अक्रमचा हात कामातून गेला. जमिनीवर काय होतं हे मला सोळाव्या वर्षापासून माहीत होतं. तरी त्या संध्याकाळी मी पुढच्या महिन्याचे ४,५०० पाठवले.

एमएमएच्या लढवय्याची खरी परीक्षा काय, ते मला जानेवारीत पुण्यात कळलं. भाचा तिथं असतो, तो पोराला एका ठिकाणी घेऊन गेला. तिथल्या प्रशिक्षकानं एक रुपया न घेता पोराला त्याच्याच वजनाच्या मुलाबरोबर मॅटवर सोडलं. पोरानं पट काढला, झकास काढला. समोरचा पडता पडता फिरला, पोरगा खाली आला आणि सवयीनं पालथा झाला. मातीत पाठ लागली की चितपट, म्हणून आपली पोरं आधी पाठ वाचवतात. तिथं पालथं होणं म्हणजे मान द्यायची. तो मुलगा पाठीवर चढला, हनुवटीखालून हात गेला आणि पोरानं दोनदा टॅप केलं, म्हणजे हार मानून हात आपटला. अर्धा मिनिट झालं असेल नसेल. सहा महिन्यांत आमच्या ‘सरां’नी त्याला ही एक गोष्ट शिकवली नव्हती, कारण त्यांना स्वतःलाच ती येत नव्हती.

त्या प्रशिक्षकाचं म्हणणं मला पटलं. बॉक्सिंग येतं, थोडी कुस्ती येते, थोडं जिउ-जित्सू येतं म्हणून कुणी एमएमएचा लढवय्या होत नाही. उभ्यानं मारामारी, पकडीत भिडणं आणि जमीन, या तिन्हीतून मध्ये न थांबता जाता आलं पाहिजे. ठोसा चुकवता चुकवता पट, पट चुकला की कोपर, खाली पडलो तर खालूनच गळा किंवा हात. आणि हे सगळं समोरचा खरोखर विरोध करत असताना. १९९३ च्या नोव्हेंबरात डेन्व्हरला पहिली यूएफसी झाली, तिथं रॉयस ग्रेसीनं एका रात्रीत तिघांना हरवलं, तेव्हा पाठीवर पडूनही लढत जिंकता येते हे जगाला दिसलं. त्यानंतर नुसता ठोसेवाला किंवा नुसता पैलवान म्हणून फार काळ टिकणं अवघड झालं. प्रमाणपत्र कुणी विचारत नाही. कुणाबरोबर, कधी, कुठं लढलास आणि काय झालं, एवढंच विचारतात.

आणि ते बघता येतं. शेरडॉग आणि टॅपॉलॉजी या दोन साइटवर लढवय्यांचे रेकॉर्ड असतात. भाच्यानं चहा निवायच्या आत शोधलं. आमच्या ‘सरां’चं नाव कुठंच नव्हतं. गावातली एखादी छोटी लढत नोंदायची राहील, पण बाराच्या बारा राहणार नाहीत. हे मी जूनमध्ये केलं असतं तर आज पाटल्या घरात असत्या. पैसे भरण्याआधी नाव टाकून बघा. नाव सापडलं तर फोटो जुळतो का ते पण बघा.

किटचं सांगतो. ९,८०० मध्ये ग्लोव्हज, नडगीचे पॅड, माउथगार्ड आणि एक टीशर्ट. ग्लोव्हजवर छापील किमतीचं स्टिकर खरवडून काढलेलं, तरी १,१५० चा ‘१,१’ दिसत होता. ते चार औंसाचे, म्हणजे लढतीत घालायचे पातळ ग्लोव्हज, आणि तेच घालून पोरांना रोज सराव करायला लावायचे. सरावाला जाड लागतात. दोन पोरांचे ओठ फुटले, एकाचा दात हलला. प्रशिक्षक पातळ ग्लोव्हजवर पोरांना भिडवत असेल तर त्याला ना खेळ कळतो ना पोरांची काळजी.

‘राष्ट्रीय निवड’ एका मंगल कार्यालयात झाली. चौतीस पोरं, आणि सगळी त्याच्याच तीन क्लासमधली. वजनकाटा नाही, डॉक्टर नाही, रक्ततपासणी नाही. माझ्या पोरासमोर निदान दहा किलोनं जड मुलगा उभा केला. सगळ्यांना मेडल. त्या कागदावर भरतीत जागा मिळते असंही सांगितलं होतं, आणि आपल्याकडं मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे म्हटल्यावर कुठल्या आईबापाला ते खरं वाटणार नाही? कुठलाही खेळाचा कागद भरतीत चालतो की नाही ते भरतीच्या जाहिरातीत वाचा, क्लासवाल्याच्या तोंडून ऐकू नका.

आता तक्रारीचं. पहिल्या दिवशी ठाण्यात गेलो तर साहेब जेवायला गेलेले. दोन तास बाकावर. अर्ज मराठीत लिहून नेला होता, तो हातात न घेताच ‘कन्नडदल्लि बरेदु कोडि’ म्हणाले, म्हणजे कन्नडमध्ये लिहून द्या. मला कन्नड बोलता येतं, लिहिता येत नाही. इथंच जन्मलो, इथंच घरपट्टी भरतो, तरी माझी तक्रार माझ्या भाषेत चालत नाही. बाहेर टायपिंगवाल्याला ३०० देऊन लिहून आणलं. मग म्हणाले, तुम्ही स्वतःच्या मर्जीनं फी भरली, क्लास सहा महिने चालला, म्हणजे सिव्हिल मॅटर, कोर्टात जा. तिसऱ्या खेपेला दुसरे साहेब. त्यांनी खाते नंबर बघितला आणि खातं कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाखेतलं आहे म्हणून महाराष्ट्रात जायला सांगितलं.

गेलो. एक दिवसाची रजा टाकून शिनोळी ओलांडून पलीकडच्या ठाण्यात. तिथं मराठी बोलले, खुर्ची दिली, अर्ज वाचला आणि गुन्हा कर्नाटकात घडलाय म्हणून परत पाठवलं. सीमाप्रश्नावर दोन्हीकडचे पुढारी भाषणं ठोकतात. त्या सीमेचा खरा उपयोग कुणाला होतो हे मला त्या दिवशी शिनोळीच्या स्टॉपवर कळलं. हॉल इकडं, खातं तिकडं. त्यानं हे मुद्दाम केलं होतं, याची मला खात्री आहे.

घरी येऊन वकिलाला विचारलं तेव्हा समजलं की नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते. म्हणजे दोन्ही ठाण्यांनी मला उगाच फिरवलं. तुम्ही जाल तेव्हा कलमाचा नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या. १९३० या सायबर हेल्पलाइनला मी नवव्या दिवशी फोन केला, तोवर खात्यात काही उरलं नव्हतं. संशय आला त्याच तासाला फोन करा, लाज नंतर वाटू द्या. खेळाशी संबंधित एका सरकारी कार्यालयात गेलो तर तिथल्या बाई म्हणाल्या, कराटे क्लास होता का? नाही म्हणालो. मग आमच्याकडं येत नाही. दोन मिनिटांत बाहेर.

ग्राहक आयोगाचा रस्ता राहिलाय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. त्यासाठी पावतीवर नाव, तारीख, सही असलेली बरी. माझ्या सहा पावत्यांपैकी दोनवर सही नाही. पैसे देताना पावतीकडं बघा, माणसाच्या दंडाकडं नको.

एकूण अकरा पालक सापडले. सात जण पुढं यायला तयार नाहीत, भावकीत हसं होईल म्हणतात. त्यांना मी काय बोलणार, मी पण तीन आठवडे थोरल्या भावाला सांगितलं नव्हतं. पोरगा परत तालमीत जातोय. वस्तादांनी काही विचारलं नाही, फक्त आखाडा खणायला लावला.

मंगळवारी आम्ही चौघं परत ठाण्यात जातोय. कन्नड लिहिणारा एक मास्तर सोबत आहे, कलम १७३ ची प्रत आहे, आणि पिशवीत तो निळा बेल्ट आहे, ज्यावर सोनेरी दोऱ्यानं माझ्या पोराचं नाव काढलंय, ते पण चुकीचं.