बायोगॅससाठी मेम्ब्रेन घेताय? सिलिका, झिओलाइट की पॉलिमर

आंब्याच्या साली-कोयींपासून किंवा शेणापासून निघालेला बायोगॅस बॉयलरखालीच जाळायचा असेल तर मेम्ब्रेनच्या, म्हणजे वायू वेगळे करणाऱ्या पातळ पडद्याच्या, फंदात पडू नका. हायड्रोजन सल्फाइड काढा आणि सरळ जाळा. पण तो सीएनजीसारखा गाडीत भरायचा असेल तर आयएस 16087 या मानकाप्रमाणे त्यात निदान 90 टक्के मिथेन लागतो. डायजेस्टरमधून (बायोगॅसच्या टाकीतून) येतो तो साधारण 50 ते 65 टक्के. बाकीचा बहुतेक कार्बन डायऑक्साइड. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एखाद्या पल्प कारखान्याला मेम्ब्रेनचा विचार करावा लागतो तो इथे.

कॅटलॉग उघडला की आधी छिद्राच्या मापाकडे लक्ष जातं. कार्बन डायऑक्साइडचा रेणू 0.33 नॅनोमीटरचा, मिथेनचा 0.38. मग मधल्या मापाचं छिद्र घेतलं की काम झालं, असं वाटणं साहजिक आहे. निम्मीच गोष्ट आहे ती. दोन नॅनोमीटरपेक्षा बारीक छिद्रात रेणूला भिंतीपासून सुटकाच नसते. तो भिंतीला चिकटतो, तिथून सुटून पुढच्या जागी उडी मारतो, पुन्हा चिकटतो. किती वायू पार जाईल हे दोन गोष्टींवर ठरतं: किती रेणू चिकटतात आणि ते किती चपळाईने उड्या मारतात. तापमान वाढलं की उड्या वाढतात, पण चिकटणारे कमी होतात. हायड्रोजन मुळात फारसा चिकटतच नाही, त्यामुळे उष्णता वाढेल तसा तो जास्त पार जातो. कार्बन डायऑक्साइड चांगलाच चिकटतो, त्यामुळे झिओलाइट या सच्छिद्र स्फटिकातून गरम केल्यावर त्याचा प्रवाह बहुधा घटतो आणि मिथेनवरची आघाडीही कमी होते. कोणतं मेम्ब्रेन घ्यायचं याचं निम्मं उत्तर यातच आहे.

उरलेलं निम्मं पाण्यात आहे, आणि कोकणात ते विसरून चालणार नाही. डायजेस्टरमधला वायू बाष्पाने संपृक्त असतो; 35 अंशांना घनमीटरमागे सुमारे 40 ग्रॅम पाणी. पाण्याचा रेणू 0.265 नॅनोमीटरचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन या दोघांपेक्षाही लहान. तो छिद्रात शिरतो, भिंतीवरच्या जागा अडवतो आणि कार्बन डायऑक्साइडला उभं राहायला जागा ठेवत नाही. त्यामुळे आधी वायू वाळवा. 10 बारला दाबून परत 35 अंशांवर आणला तरी दहातले जवळजवळ नऊ भाग पाणी खाली बसतं. त्यापुढे चिलर लावा. वाळवण्याचा खर्च कोटेशनमध्ये नसेल तर ते कोटेशन अपुरं आहे असंच समजा.

सिलिका मेम्ब्रेन म्हणजे अल्युमिनाच्या सच्छिद्र नळीवर सोल-जेल पद्धतीने (द्रावणाचं जेल करून) चढवलेला, 100 नॅनोमीटरपेक्षाही पातळ असू शकणारा थर. नेदरलँड्समधल्या ट्वेन्टे विद्यापीठातल्या डी व्होस आणि फेरवे यांनी 1998 मध्ये असे थर किती निवडक (एक वायू सोडून दुसरा अडवणारे) आणि तरीही वेगवान असू शकतात ते दाखवलं. गरम आणि कोरड्या वायूतून हायड्रोजन वेगळा काढायचा असेल, म्हणजे तुमचं काम लोटे किंवा महाडच्या एखाद्या रासायनिक युनिटसारखं असेल, तर माझं मत याच बाजूला पडेल. मात्र गरम वाफ याची वैरीण आहे. ती सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध तोडते, ते नव्याने जुळतात, आणि बारीक छिद्रं मिटत जातात. वाफ असणारच असेल तर सिलिकॉनच्या अणूंमध्ये कार्बनचे पूल असलेली ऑर्गॅनोसिलिका मागा. ती पाण्यापुढे बरीच जास्त टिकते. ओल्या बायोगॅससाठी साधी सिलिका मी सुचवणार नाही.

झिओलाइटमध्ये छिद्राचं माप स्फटिकाची रचनाच ठरवते, त्यामुळे मापाबद्दल शंका राहत नाही. एसएपीओ-34 या प्रकाराचं छिद्र 0.38 नॅनोमीटरचं. कार्बन डायऑक्साइड त्यात सहज जातो, वर भिंतीलाही चिकटतो. मिथेन दारात घुटमळतो. या कामासाठी कागदावर याहून चांगला पर्याय सापडणं कठीण. पण एसएपीओ-34 पाणी ओढून घेतं. डीडीआर या सिलिकाबहुल प्रकाराला पाण्याचं आकर्षण कमी, म्हणून आपल्या हवेत मला तो जास्त भरवशाचा वाटतो. दोन्हींत कच्चा दुवा एकच: स्फटिक एकमेकांना भिडतात तिथे राहिलेली फट.

पॉलिमरच्या पोकळ तंतूंमध्ये कायमची छिद्रं नसतात. वायू त्यात विरघळून पलीकडे जातो. अमोनिया कारखान्यांत पर्ज गॅसमधला (बाहेर सोडल्या जाणाऱ्या वायूतला) हायड्रोजन परत मिळवायला हे तंतू 1980 च्या सुमारापासून वापरात आहेत. जास्त दाबाच्या कार्बन डायऑक्साइडने ते फुगतात आणि निवड ढिली पडते, पण 10 बारच्या आसपास हा त्रास आटोक्यात राहतो. थोड्या जागेत भरपूर क्षेत्रफळ मावतं आणि चौरस मीटरमागे सिरॅमिकच्या (म्हणजे सिलिका किंवा झिओलाइटच्या) कित्येक पट कमी पैसे लागतात. लहान बायोगॅस प्रकल्पाला मी आज दोन-तीन टप्प्यांचं पॉलिमरच घ्यायला सांगेन. दाब किंवा कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण बरंच जास्त असेल तेव्हा डीडीआरचा हिशेब मांडावा.

सिरॅमिक घ्यायचंच ठरलं तर पैसे देण्याआधी भेग तपासून घ्या. भेगेतून कार्बन डायऑक्साइड नुसताच मिथेनबरोबर जात नाही. मध्यम बारीक भेगेत हलका रेणू वेगाने जातो, त्यामुळे मिथेन त्याच्या 1.66 पट वेगाने निसटतो, म्हणजे तुमचाच माल बाहेर जातो. नळीच्या दोन्ही बाजूंचा सरासरी दाब वाढवत नायट्रोजन सोडा आणि दर बारमागे किती वायू पार होतो ते मोजा. धड थरात हा आकडा स्थिर राहतो किंवा किंचित उतरतो. चढत गेला तर मोठी भेग आहे. बारीक भेग यात सापडत नाही, तिच्यासाठी 0.55 नॅनोमीटरचा सल्फर हेक्झाफ्लोराइड सोडून बघा. तो जवळजवळ अडलाच पाहिजे. आणि निवडकतेचा आकडा एकेका शुद्ध वायूचा न घेता तुमच्याच प्रमाणातल्या मिश्रणाचा, 35 अंशांचा आणि तुमचं ड्रायर सोडेल तेवढ्या बाष्पासकटचा लेखी मागा.