दाबोळी की मोपा? गोव्याचं तिकीट काढण्याआधी

गोव्याचं विमान स्वस्त मिळालं की आपण लगेच पैसे भरून मोकळे होतो. त्याआधी तिकिटावरची तीन अक्षरं नीट वाचा. गोव्यात विमानतळ दोन आहेत: जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. दोन्हींच्या मध्ये रस्त्याने साठ-पासष्ट किलोमीटरचं अंतर आहे. रस्ता मोकळा असेल तर दीड तास लागतो, संध्याकाळी पर्वरी-म्हापशाच्या गर्दीत सापडलात तर दोन तासही कमी पडतील. कारण वाट अर्धा गोवा चिरत जाते: दाबोळीहून कुठ्ठाळी, झुआरी नदीचा पूल, पणजी, मांडवी नदी ओलांडून पर्वरी, म्हापसा, कोलवाळ, धारगळ आणि मग मोपा. म्हणून एका विमानतळावर उतरून त्याच दिवशी दुसऱ्यावरून पुढचं विमान गाठायचा बेत मी कुणालाही सुचवणार नाही.

निवड तुम्ही कुठे राहणार यावर करा. मडगाव, कोलवा, पाळोळे, काणकोण असेल तर डोळे मिटून दाबोळी. मडगाव तिथून पंचवीसेक किलोमीटर, तर मोपाहून पासष्टच्या पुढे. पाळोळ्याला जाणाऱ्याने मोपाचं तिकीट हजार रुपयांनी स्वस्त आहे म्हणून घेतलं, तर त्याहून जास्त पैसे टॅक्सीत जातील आणि शंभरेक किलोमीटरचा प्रवास पदरी पडेल तो वेगळाच. मुंबई-पुण्यात सवयीच्या असलेल्या ओला-उबर इथे चालत नाहीत, हेही लक्षात ठेवा. विमानतळावरचा टॅक्सी काउंटर, गोवा माइल्स हे टॅक्सीचं ॲप किंवा कदंबची (गोव्याच्या एसटीची) बस हेच मुख्य पर्याय.

हरमल, मोरजी, मांद्रे, म्हापसा यांच्यासाठी मोपा. कळंगुट-बागालाही मोपाच बरं, फरक मात्र फार नाही. पणजीकरांना दाबोळी थोडं जवळ आहे. झुआरीवरच्या नव्या पुलामुळे तिकडची जुनी रखडपट्टीही बरीच सुटली आहे. त्यामुळे पणजीसाठी विमानाची वेळ आणि भाडं पाहून ठरवा.

सिंधुदुर्गातल्या लोकांचा प्रश्न मोपाने जवळजवळ मिटवलाच. 5 जानेवारी 2023 ला इथून विमानं उडू लागली. पेडणे तालुक्यातला हा विमानतळ महाराष्ट्राच्या हद्दीला लागून आहे. बांदा अगदी हाकेच्या अंतरावर आणि सावंतवाडी साधारण अर्ध्या-पाऊण तासावर. पूर्वी याच माणसांना दाबोळीसाठी भल्या पहाटे घर सोडून मांडवी आणि झुआरी ओलांडाव्या लागत. म्हातारी माणसं, आखाती देशातून सामानासकट येणारी मुलं, सगळ्यांचा जीव त्या वाटेत मेटाकुटीला यायचा. वेंगुर्ले-सावंतवाडीच्या माणसाने आता दाबोळीकडे बघायचं कारण उरलेलं नाही.

वेळांचाही फरक आहे. दाबोळी हा मुळात नौदलाचा तळ, आयएनएस हंसा. सरावासाठी धावपट्टी लागते, म्हणून कामाच्या दिवशी सकाळच्या काही तासांत नागरी विमानांना तिथे मर्यादा असते. मोपाला ही अडचण नाही.

दोन्ही वापरण्यातही शहाणपण आहे. गोवा उत्तरेकडून दक्षिणेकडे बघत जायचा असेल, तर मोपाला उतरा आणि दाबोळीहून परता. मागे फिरण्यातला अर्धा दिवस वाचतो. गाडी भाड्याने घेणार असाल, तर ती दुसऱ्या विमानतळावर सोडता येईल का आणि त्याचे वेगळे पैसे किती, एवढं आधी विचारून घ्या.